कंसात लिहिलेलं

ताई, नमस्कार.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. चौथी झाली, जूनमध्ये पाचवीत जाईल. आम्ही डोंबिवलीला राहतो. मी ठाण्याला नोकरी करते, मिस्टरांची शिफ्ट ड्यूटी. सुट्टीत तो घरी एकटा मोबाइल बघत बसू नये म्हणून यंदा मी मार्चमध्येच सगळं ठरवून टाकलं. सकाळी पोहणं, मग अबॅकस, दुपारी रोबोटिक्सचं शिबिर, शिवाय आठवड्यातून तीन दिवस हस्ताक्षराचा वर्ग. पैसे भरून झालेत. (यंदा गावी जायचं नाहीये. माझे वडील ऑक्टोबरमध्ये गेले. मुलाची सहामाही चालू होती म्हणून त्याला शेजारी ठेवून आम्ही जाऊन आलो. राजापूरकडचं घर आता बंद आहे, आई भावाकडे पनवेलला असते.)

पहिला आठवडा बरा गेला. आता रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी तपासून काही नाही सांगितलं. चिडचिड वाढलीय, परवा खेळताना एका मुलाला उगाचच ढकललं. रात्री बारापर्यंत जागा असतो. मोबाइल हातात आला की सोडत नाही, आणि बघतो तरी काय, तर कोकणातले व्हिडिओ. कुणी विहिरीत उड्या मारतंय, कुणी आंबे काढतंय. एवढे पैसे घालून शिबिरं लावली आणि हा हे बघतो! काल मला विचारलं, "आई, शाळा कधी सुरू होणार?" सुट्टी नको म्हणणारं मूल मी पहिल्यांदाच बघतेय. त्याला आणखी कशात गुंतवू?

— एक आई, डोंबिवली

---

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मला ते शिबिरांबद्दलचं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना मी त्या कंसापाशी थांबले. वडील गेले, घर बंद झालं, आईने गाव सोडलं. एवढं सगळं तुम्ही कंसात लिहिलंत आणि कंस बंद करून लगेच पोटदुखीकडे वळलात. मला वाटतं, तुमचा मुलगाही गेले सात महिने हेच करतोय. फरक एवढाच की त्याला कंस घालता येत नाहीत, म्हणून त्याच्या पोटात दुखतं.

"आणखी कशात गुंतवू" या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. कशातही नाही. तो पुरेसा गुंतलेला आहे. किंबहुना जरा गुंता सोडवायचीच वेळ आलीय.

तो बघतो ते व्हिडिओ तुम्हाला वेळ घालवणं वाटतंय. मला ते पत्रातलं सगळ्यात स्पष्ट वाक्य वाटलं. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बसून दहा वर्षांचा पोरगा विहिरी, आंबे आणि कौलारू घरं बघतोय. जग भरून कार्टून आणि गेम असताना तो रोज तिकडेच जातोय. दर मे महिन्यात त्याला जिथे नेलं जायचं, तिथे यंदा कुणी नेलं नाही. मग तो एकटाच, जमेल तसा जातो.

मुलाची सुट्टी आपण दिवसांत मोजतो. मुलं ती माणसांत आणि जागांत मोजतात. त्याच्या लेखी मे महिना म्हणजे आजोबा, पडवी, रातांबे फोडून लाल झालेले हात, फणसाच्या चिकामुळे तेल लावलेला कोयता, दुपारी सक्तीने झोपवणारी आजी. शाळा चालू होती तोवर हे सगळं झाकलेलं होतं. सकाळची बस, डबा, गृहपाठ यांत दिवस भरून जातो. सुट्टी लागली आणि झाकण उघडलं. त्यात यंदा "आपण का जात नाही आहोत" हे त्याला कुणी नीट सांगितलंय का, याची मला शंका आहे. "शाळा कधी सुरू होणार" हा त्याचा प्रश्न अभ्यासू मुलाचा नव्हे. त्याला ते झाकण परत लावून हवंय.

तुम्ही म्हणाल, ऑक्टोबरमध्ये तर तो फारसा रडलाही नव्हता. खरं असेल. मोठी माणसं बाराव्या-तेराव्यापर्यंत रडतात, मग हळूहळू कामाला लागतात. मुलांचं तसं नसतं. ती पाच मिनिटं रडतात आणि सहाव्या मिनिटाला बॅट शोधायला जातात. आपल्याला वाटतं, विसरला. मग सहा महिन्यांनी आंब्याची पेटी घरात येते आणि पोरगं कारण नसताना ताट ढकलून देतं. दहाव्या वर्षी मृत्यू म्हणजे माणूस परत येत नाही, हे त्याला पक्कं कळतं. पण हे कळणं त्याने अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही. तो शेजारी होता. तुम्ही गेलात, आलात, घरात चार दिवस शांतता होती, मग सहामाहीचा पुढचा पेपर. त्याच्या मनात ते राजापूरचं घर अजून उघडंच असणार.

त्याला शेजारी ठेवलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. परीक्षा होती, रात्रीतून निघायचं होतं, अशा वेळी कुणीही तेच केलं असतं. पण त्याला ते सांगायचं मात्र राहिलंय. म्हणून पहिलं काम ते.

समोर बसवून "आपल्याला बोलायचंय" असं करू नका. मुलं त्या वाक्याने घाबरतात, त्यांना वाटतं प्रगतिपुस्तकाचं काही निघालं. हात कामात असताना बोला. लसूण सोलताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना, दिवा मालवल्यावर. तुमच्याच शब्दांत, पण साधारण असं: "मला या दिवसांत आजोबांची फार आठवण येते. तुला येते का? ते गेले तेव्हा तुला आम्ही नेलं नाही. तुझी परीक्षा होती म्हणून घाईत ठरवलं, तुला विचारलं नाही. त्याचं मला वाईट वाटतं." एवढंच. मग गप्प बसा. ही शेवटची पायरी सगळ्यात अवघड. आपल्याला लगेच "पण आजोबा वरून बघतायत हं, तू शहाण्यासारखं वाग" असं काहीतरी जोडायची घाई होते. ते जोडू नका. आधीच जड झालेल्या पोराच्या डोक्यावर आजोबांची पहाऱ्याची ड्यूटी कशाला?

तो काहीच बोलला नाही तरी चालेल. दोन दिवसांनी भलत्याच वेळी, तुम्ही लोकल पकडायला धावत असताना, प्रश्न येईल. "त्यांना दुखलं का?" "आजी पण मरणार का?" "तू?" या प्रश्नांची उत्तरं खरी द्या. काय आजार होता ते त्याला कळेल अशा भाषेत सांगा. "मी खूप वर्षं जगायचं ठरवलंय, आणि तुझी काळजी घ्यायला बाबा आहेत, मामा आहे, आत्या आहे" हे नावं घेऊन सांगा, मुलांना नावं लागतात. आणि एका गोष्टीवर कान ठेवा. कित्येक मुलं मनात एक गुन्हा धरून बसलेली असतात. "शेवटचा फोन आला तेव्हा मी खेळत होतो, घेतलाच नाही." "मी त्यांच्यावर चिडलो होतो." असं काही निघालं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच्या फोन न घेण्याने आजोबा गेले नाहीत, हे त्याला कुणीतरी मोठ्याने सांगावं लागतं.

आता दुसरं, ज्यावर तुम्ही कदाचित नाराज व्हाल. गावी जा.

चार दिवसांसाठी का होईना. तसंही पाऊस लागायच्या आत ते घर कुणीतरी उघडायलाच हवं. कौलं बघायची असतील, वाळवी लागली का बघायचं असेल, आगोटीची कामं असतील. तुमचे भाऊ एकटे जाऊन दोन दिवसांत उरकून येणार असतील, तर त्यांना थांबवा आणि सगळे मिळून जा. रेल्वेचं आरक्षण आता विसरा, मे महिन्याच्या गाड्या दोन महिने आधीच भरतात. एसटी आहे. तुमचं अर्धं तिकीट, मुलाचं बारा वर्षांपर्यंत अर्धं, आई पंचाहत्तरच्या पुढच्या असतील तर त्यांना मोफत, पासष्टच्या पुढच्या असतील तर अर्धं. पनवेलला आईंना गाडीत घ्या. प्रवास लांबचा आहे, पण आजी-नातवाने शेजारी शेजारी बसून केलेला तो प्रवास एखाद्या शिबिरापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

"आईला त्रास होईल" म्हणून तुम्ही जायचं टाळताय, असं मला वाटतं. त्रास होणारच. कुलूप काढताना, वडिलांची चप्पल अजून पडवीत असेल तर ती बघताना, होणार. पण त्या त्रासातून त्यांनी पनवेलच्या खोलीत एकट्याने जाण्यापेक्षा घरात सगळ्यांसोबत गेलेलं बरं. आणि मुलाने मोठ्यांना रडताना बघितलं तर काही बिघडत नाही. उलट, रडून झाल्यावर चहा टाकला जातो, भात लावला जातो, हे त्याला दिसतं.

तिथे त्याला काम द्या. पाहुण्यासारखं बसवू नका. आजोबा जे करायचे त्यातलं एखादं. रातांबे अजून मिळत असतील तर आमसुलं घालायला बसवा, उन्हात पसरायची आणि संध्याकाळी आत घ्यायची जबाबदारी त्याची. आजोबांची पेटी, चष्मा, पंचांग, काय असेल ते आवरताना त्याला बाहेर पिटाळू नका. "यातलं तुला काय ठेवावंसं वाटतं?" असं विचारा. तो कदाचित तुम्हाला कवडीमोल वाटेल अशी वस्तू उचलेल, एखादा गंजका अडकित्ता किंवा बॅटरी गेलेली विजेरी. न हसता घेऊ द्या. (विहिरीचं मात्र बघा. व्हिडिओ बघून उडी मारायचा मोह होणार. डोंबिवलीच्या तलावात शिकलेलं पोहणं गावच्या विहिरीत पुरतं असं नाही. मोठं माणूस पाण्यात असल्याशिवाय नाही म्हणजे नाही.)

तिथे गेल्यावर तो रडेलच असं धरून चालू नका. पहिल्या तासात वाडीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळायला पळाला तरी तुमची फेरी वाया गेली असं समजू नका.

खरोखरच जाणं जमणार नसेल, तर आईंना पंधरा दिवस डोंबिवलीला आणा. पण नातवाला सांभाळायला म्हणून नको. त्यांचंही माणूस गेलंय, त्यांना तुमच्या ड्यूट्यांच्या तक्त्यात बसवू नका. दुपारी दोघं असतील, आजी जुनं काहीतरी सांगत असेल, तो ऐकत असेल किंवा नसेल, एवढं पुरे.

मग शिबिरांचं काय? सगळी बंद करा असं मी म्हणणार नाही. तुम्ही दोघं नोकरी करता, आणि दहा वर्षांच्या मुलाला दिवसभर कुलपाआड ठेवता येत नाही. नोकरी करणाऱ्या आईला "मुलाला वेळ द्या" असा सल्ला देणं सोपं असतं, तो देणाऱ्याला सकाळची ठाणे लोकल पकडायची नसते. पण चार ठिकाणं फार आहेत. त्याच्यासमोर चारही नावं ठेवा आणि यातली दोन निवड म्हणा. माझा अंदाज, पोहणं राहील आणि हस्ताक्षर जाईल. जाऊ द्या. भरलेले पैसे गेले म्हणून जीव कळवळेल, कळवळू द्या, पण ते वसूल करण्यासाठी त्याला सकाळी पोटदुखीसकट रिक्षात कोंबू नका. रिकाम्या झालेल्या वेळेसाठी इमारतीतल्या दोन-तीन घरांशी बोला. एक दिवस तुमच्याकडे मुलं, एक दिवस त्यांच्याकडे. आणि मिस्टरांचा उल्लेख पत्रात "शिफ्ट ड्यूटी" या दोन शब्दांत संपलाय. शिफ्टचा एक फायदा असतो, काही दुपारी घरी असता येतं. झोप झाल्यावरचा एक तास बाप-लेकांचा ठरवा. काय करायचं ते ठरवू नका, तास ठरवा.

रिकामा वेळ मिळाला की पहिले दोन-तीन दिवस तो "कंटाळा आला" म्हणत तुमच्या मागे मागे फिरेल. हे ऐकून पुन्हा एखादा वर्ग शोधायला लागू नका. कंटाळ्याच्या दुसऱ्या टोकाला मुलं काहीतरी शोधतात, फक्त तिथवर जायला त्यांना थोडा वेळ लागतो. हाताशी चार गोष्टी असू द्या: कागद, दोरी, पत्ते, वाचायला काही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तुम्ही लहानपणी वाचलेला एखादा अंकही सापडेल.

मोबाइलचा धाक मी घालणार नाही, पण दोन गोष्टी करा. एका संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून ते कोकणचे व्हिडिओ तुम्हीही बघा. हिसकावून घ्यायला नव्हे, बघायला. "अरे, आपली विहीर याच्यापेक्षा खोल आहे ना?" एवढं म्हटलंत तरी तो बोलता होईल. जी गोष्ट तो चोरून करत होता ती दोघांची झाली की तिचा आवेग आपोआप उतरतो. आणि रात्री मोबाइल त्याच्या अंथरुणात नको, तुमचाही नको. या वयाला 9 ते 12 तास झोप लागते. बाराला झोपून सातला पोहायला उठवलेल्या मुलाची निम्मी चिडचिड तर तिथेच तयार होते. साडेनऊला दिवा बंद करायचा असेल तर एकदम न करता रोज पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. जूनच्या मध्याला शाळा उघडेल, तोवर घडी बसलेली असेल.

पोटदुखीबद्दल थोडं. डॉक्टरांनी "काही नाही" सांगितलं याचा अर्थ तो नाटक करतोय असा नाही. त्याला खरंच दुखतं. मनावरचा ताण मुलांच्या पोटात उतरतो, हे कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. त्यामुळे "काही झालेलं नाहीये तुला" हे वाक्य बंद. "दुखतंय ना, ये, जरा पडू इथे" असं म्हणा. दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, वजन कमी होत असेल, ताप किंवा उलट्या असतील तर मात्र पुन्हा दाखवा, मनाचं आहे म्हणून सोडून देऊ नका.

आणि पुढे काही आठवडे लक्ष ठेवा. या सगळ्यानंतरही दोन-तीन आठवडे तो जेवला नाही, झोपला नाही, मित्रांत जाईनासा झाला, आवडीच्या गोष्टी सोडल्या, किंवा "मी नसतो तर बरं", "मला आजोबांकडे जायचंय" असं काही बोलला, तर वाट बघू नका. अशा वाक्यांतलं एखादंही ऐकलंत तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. "आजोबांकडे जायचंय" म्हणजे गावच्या घरी, असंही असू शकतं. पण ते अंदाजाने ठरवू नका, "म्हणजे कुठे रे?" असं सरळ विचारा. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. बालरोगतज्ज्ञ पुढे कुणाकडे जायचं ते सांगतील. तोवर बोलायला टेली मानसचा 14416 हा क्रमांक आहे. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही तो लावू शकता.

हो, स्वतःसाठी. तुमचे वडील गेलेत. पत्रात मला मुलाची पोटदुखी, वर्गांची नावं आणि भरलेले पैसे सगळं तपशिलात मिळालं. वडिलांचं नाव मिळालं नाही, ते काय करायचे, तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे, काहीच नाही. मार्चमध्ये बसून तुम्ही चार शिबिरांचा तक्ता केलात तेव्हा मुलाचा मे महिना भरत होतात, हे मला पटतं. थोडा तुमचाही भरत होतात का?

मी शाळेत समुपदेशक होते तेव्हा दर जूनमध्ये पहिल्या आठवड्यात वर्गावर एक निबंध ठरलेला असायचा, 'मी सुट्टी कशी घालवली'. मला त्या निबंधाचा राग यायचा. ज्यांच्या घरी काही बरं घडलेलं नसायचं ती मुलं शेजारच्याची सुट्टी लिहायची. समुद्र, महाबळेश्वर, मामाचा गाव, सगळं उसनं. एका मुलीने मात्र एकदा चारच ओळी लिहिल्या होत्या: आजी वारली, आम्ही तिच्या साड्या वाटल्या, मला निळी मिळाली, मी ती पांघरून झोपते. बाईंनी ओळी कमी म्हणून गुण कापले होते. मी ती वही मागून घेऊन कितीतरी वेळ बघत बसले होते.

तर, आज रात्री भावाला फोन करा आणि चार दिवसांच्या तारखा ठरवा. फोन मुलाच्या समोरच करा. आंबे उतरवायचा झेला वडील कुठे ठेवायचे ते भावाला विचारा. त्याला आठवणार नाही. मग फोनवरून मान वळवून मुलाला विचारा.